आधी सापडेल ती फाइल

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. डोकं थंड राहतं म्हणतात. माझं थंडच आहे, पण राहिलंही पाहिजे.

कारण लिहून ठेवतो. ऑफिसात आम्ही शाळेच्या पुस्तकांची पानं लावतो. सॉफ्टवेअर जरा तऱ्हेवाईक आहे. मजकुरात आज्ञा लिहायच्या, बटण दाबायचं, की पान तयार. त्याला नवीन काही शिकवायचं असेल तर एक छोटी जोडफाइल लिहून द्यावी लागते. शीर्षक केवढं, रेघ कुठे, समास किती, सगळं तिच्यात. तशी एक फाइल नवीने लिहिली. नवी म्हणजे यंदा लागलेली मुलगी. फाइलीचं नाव ‘सजावट’. साहेबांनी सगळ्यांना खुर्च्यांवरून उठवून तिचं पान दाखवलं आणि म्हणाले, याला म्हणतात पान.

मग मी इतकी वर्षं काय लावत होतो, फरशा?

महिनाअखेर विभागप्रमुख नेमणार. खिडकीशेजारची काचेची केबिन त्याला. अनुभव बघता ती माझीच आहे. पडद्याचा रंगही मनात ठरलाय, मोरपंखी. पण साहेब आज दोनदा केबिनकडे आणि दोनदा नवीकडे बघत होते.

मत्सर वगैरे मला नाही. ती मला काका म्हणते, एवढंच खटकतं. माझे केस काळे आहेत. कसे आहेत तो प्रश्न वेगळा.

संकल्प: शनिवारपर्यंत स्वतःची जोडफाइल.

४ जून
सुरुवात केली. पहिल्या ओळीत माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याखाली लिहिलं, ‘ही फाइल वापरणाऱ्याने कर्त्याचे स्मरण ठेवावे.’ मजकूर उद्या.

५ जून
नवीने स्वतःची उशी आणली खुर्चीला. दोन तास त्या उशीकडे बघण्यात गेले. ऑफिसात असं लक्ष विचलित करणारं सामान आणू नये, असा नियम हवा. फाइल उद्या.

८ जून, शनिवार
झाली! दोन गोष्टी तिच्या फाइलीत नाहीत त्या माझीत आहेत. एक, शीर्षकाखाली बारीक, नाजूक रेघ. तिची रेघ जाड आहे, कुंपणासारखी. दोन, पानाच्या तळाशी शीर्षक एकटं पडू नये म्हणून मी त्याला चांगल्या दहा ओळींची सोबत लावून दिली. तेवढी जागा उरली नसेल तर शीर्षक सरळ पुढच्या पानावर जातं. तिने दोनच ओळी ठेवल्यात. कंजूषपणा.

सहावीच्या गणिताच्या प्रस्तावनेवर चालवून बघितली. अप्रतिम. प्रस्तावनेत शीर्षक एकच आहे, पण शितावरून भाताची परीक्षा.

आता प्रश्न, ठेवायची कुठे?

१० जून
हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. सॉफ्टवेअर जोडफाइल चार जागी शोधतं. आधी त्या पुस्तकाच्या फोल्डरात, मग त्या मशीनवर बसणाऱ्याच्या खासगी फोल्डरात, मग ऑफिसच्या सामायिक फोल्डरात, आणि शेवटी त्याच्या स्वतःच्या घरात, म्हणजे ते इन्स्टॉल झालं तिथे. जिथे आधी सापडेल ती उचलतं. पुढे बघतसुद्धा नाही. नवीची फाइल सामायिकमध्ये आहे, म्हणून सगळ्यांना मिळते.

माझी युक्ती: माझ्याही फाइलीचं नाव ‘सजावट’च. सगळ्यांच्या पुस्तकांत ‘सजावट’ आणा ही आज्ञा आधीच लिहिलेली आहे. कुणाला बोटही हलवायला नको, माझी आधी सापडली की झालं. सापही मरेल, काठीही मोडणार नाही. नंतर योग्य वेळी, म्हणजे साहेब समोर असताना, उभं राहून सांगायचं की हे सगळं माझं.

जागा कोणती? विचार करून सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या घरात ठेवली. मोठमोठ्यांनी लिहिलेल्या फाइली तिथेच असतात. आपली जागा आपण ओळखावी. ही मूळ जागा, तेव्हा सॉफ्टवेअर शेवटी बघत असलं तरी मान देईलच.

१२ जून
साहेबांनी सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर अपडेट करून घेतलं. त्याचं घर धुऊन पुसून नवं झालं. माझी फाइलही धुतली गेली.

दुसरी कॉपी नव्हती. एकमेव असावी असं वाटलं होतं.

नवी तेवढ्यात सहज म्हणाली की आपलं सामान सॉफ्टवेअरच्या घरात कधी ठेवू नये काका, अपडेटमध्ये जातं. सहज! हिला कसं कळलं मी काय ठेवलं होतं? की सगळ्यांनाच सांगत होती? सगळ्यांना सांगत होती असं दिसतं, पण बघत माझ्याकडे होती.

घरी बायकोला सांगितलं. ती कात्री शोधत होती. म्हणाली, भाड्याच्या घराच्या भिंतीत दागिने पुरून ठेवले होतेत का? मग म्हणाली, कात्री कुठे ठेवलीत? मी सुरक्षित ठेवली होती. इतकी की मलाही सापडली नाही.

१५ जून, शनिवार
पुन्हा लिहिली. आठवणीतून. पहिल्यापेक्षा सरस. या वेळी खासगी फोल्डरात ठेवली. कुणाचं अपडेट नाही, कुणाची नजर नाही. माझ्या मशीनवर लगेच चालली. नाजूक रेघ! दिवसभर प्रस्तावनाच लावत बसलो.

१७ जून
विजय. साहेबांनी माझं गणिताचं प्रकरण त्यांच्या मशीनवर स्वतः उघडून लावून बघितलं. म्हणाले, वा, अगदी सुटसुटीत झालंय. मी मान खाली घातली. नम्रता चेहऱ्यावर चांगली दिसते मला.

साहेबांच्या स्क्रीनवर रेघ जरा जाड दिसत होती. त्यांचा स्क्रीन जुना आहे. बदलायला सांगायला हवं, पण आज कशाला विरजण घाला.

१८ जून
नवीसुद्धा म्हणाली की तुमचं प्रकरण मस्त दिसतंय काका. आवाजात विष शोधलं. सापडलं नाही. फार खोल असणार.

प्रूफ वाचणारे आजोबा तिला रोज स्वतःहून पेन्सिल टोक करून देतात. मला आयुष्यात कधी दिली नाही. मी मागितली नाही हा भाग वेगळा. मागून मिळण्यात काय आहे?

२० जून
ठरवलं. माझी फाइल सगळ्यांना मिळाली पाहिजे. एकट्याने सुंदर पानं लावून काय करू? म्हणजे सामायिक फोल्डरात गेली पाहिजे. पण सामायिक फोल्डर हल्ली नवी सांभाळते. साहेबांनीच दिला तिच्याकडे. तिला विचारायचं? त्यापेक्षा केस पांढरे ठेवेन.

सामायिक फोल्डर कसा वापरायचा याची माहिती तिने मागे सगळ्यांना गोळा करून दिली होती. मी तेव्हा बाहेर व्हरांड्यात उभा होतो. निषेध म्हणून. आतून ती कसल्यातरी यादीबद्दल बोलत होती तेवढं ऐकू आलं. याद्या करण्याची हौसच आहे तिला.

२१ जून
दुपारी सगळे जेवायला गेले. मला भूक नव्हती. तिच्या मशीनवर बसलो. उशी मऊ आहे, हे मान्य करावं लागेल. सामायिक फोल्डर उघडला. तिची फाइल पुसून माझी टाकता आली असती, पण मी चोर नाही. आत एक नवा फोल्डर केला, नाव ‘अ’. त्यात माझी ‘सजावट’. अ सगळ्यात आधी येतो, म्हणजे माझी आधी सापडणार. बालवाडीतली अक्कल आहे, पण सुचायला लागते.

माझ्या खासगी फोल्डरातली कॉपी काढून टाकली. एकच फाइल, सगळ्यांसाठी. मोठं मन लागतं याला.

नवी परतली तेव्हा मी तिच्या टेबलाशी उभा होतो. म्हणाली, काही हवंय का काका? मी म्हटलं, घड्याळ बघत होतो. घड्याळ माझ्या टेबलाच्या वर आहे.

२४ जून, सोमवार
सगळ्या ऑफिसची पानं पालटली! कुठलंही प्रकरण बघा, शीर्षक कसं डौलात बसलंय. परवापर्यंत हीच पानं केविलवाणी दिसायची. आजोबा चष्मा वर करून म्हणाले, हल्ली वाचताना डोळे शिणत नाहीत. मी म्हटलं, असं होय? आणि गालात हसलो.

एक नोंद. आता माझ्याही मशीनवर रेघ जाड दिसते. सामायिकमध्ये गेल्यावर वजन येत असेल. खरं सांगायचं तर जाडच बरी दिसते. नाजूकपणाचे दिवस गेले.

२६ जून
सहावीचं गणित छापून आलं. नमुन्याची प्रत घरी नेली आणि टेबलावर अशी ठेवली की दिसेल, पण ठेवली असं वाटणार नाही. बायकोने उचलली. उभ्याउभ्याच वाचायला लागली. मग खुर्ची ओढून बसली. म्हणाली, किती वर्षांनी तुमच्या हातचं एखादं पुस्तक वाचावंसं वाटलं हो. लग्न झालं तेव्हा मी लावलेली पानं ती मैत्रिणींना दाखवायची. मधे कधी बंद झालं ते दोघांच्याही लक्षात नाही आलं.

आज झोप छान लागेल.

तिला म्हटलं, यात फाइल कुठे ठेवायची ही खरी कला आहे. ती म्हणाली, त्यात कसली कला? वस्तू आपल्या सोयीने ठेवायची नसते, शोधणाऱ्याला सापडेल तिथे ठेवायची. म्हटलं, हे कात्रीचं नाही गं. कात्री अजून सापडलेली नाही.

२७ जून
साहेबांनी नवीला बोलावून पाठ थोपटली. माझ्या पानांसाठी! ती नुसती हसत उभी राहिली. एका शब्दाने म्हणाली नाही की ही माझी फाइल नव्हे, काकांची. दुसऱ्याच्या कष्टावर फुकटचा मान घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण इतक्या निर्लज्जपणे घेणारं पहिलंच.

जळतो मी तिच्यावर. लिहून टाकलं. पोटात खरंच दुखतं, इथे, बरगडीच्या खाली. ती तरुण आहे, तिला झटकन येतं, ती हसली की लोक हसतात. मला जे यायला वर्षं लागली ते ती उशीवर बसून करते.

वरचं खोडायचं का ते सकाळी बघू.

२८ जून
खोडलं नाही. पेन सापडलं नाही.

उद्या बैठक. सातवीचं गणित छपाईला जायच्या आधी साहेब सगळी पानं टेबलावर मांडून बघणार आणि तिथेच केबिनचं सांगणार. तेव्हाच उभं राहून जाहीर करतो. भाषण तयार आहे. सुरुवात, ‘मी बोलणार नव्हतो.’

नवी आज भूमितीच्या आकृत्यांसाठी दुसरी एक जोडफाइल सामायिकमध्ये टाकत होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली की यादी ताजी केली हं, आता सगळ्यांना सापडेल. करू दे ताजी. माझं काय जातं?

२९ जून, शनिवार, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. केसांना परवाच केलंय. बायको म्हणाली, लग्नाला चाललात का? म्हटलं, केबिनला.

२९ जून, दुपारी
घात. नवीने ऐन वेळी घात केला.

टेबलावर सातवीचं गणित मांडलेलं. पानं बघवत नव्हती. निम्म्या पानांच्या तळाशी ही एवढी मोकळी मैदानं. शीर्षकं उड्या मारून पुढच्या पानावर गेलेली. उदाहरण एका पानावर, त्याची आकृती दोन पानं पुढे. पुस्तक जाडीला वाढलं. आजोबा एकेक पान उलटं करून बघत होते, दुसऱ्या बाजूने तरी बरं दिसतं का म्हणून.

माझ्या लगेच लक्षात आलं. हिने माझी फाइल काढून स्वतःची परत घातली. म्हणजे मी जाहीर करायच्या आत माझं काम गायब. तळपायाची आग मस्तकात गेली. भाषण ठरलं होतं तसंच सुरू केलं, मी बोलणार नव्हतो, पण पुढचं आपोआप आलं. साहेबांना लाल पेन मागितलं आणि पानापानावर गोल काढत गेलो. म्हटलं, ही रेघ बघा, काडीसारखी, जीव नाही तिच्यात. म्हटलं, शीर्षकाला एवढ्या ओळींची सोबत? वरात आहे का? म्हटलं, साहेब, ज्याने हे लिहिलं त्याला पानाची अक्कल नाही, त्याला पानाजवळ फिरकू देऊ नका, केबिन तर सोडाच.

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.

साहेब म्हणाले, अगदी बरोबर बोलताय तुम्ही. कुणी लिहिलंय हे? आणि नवीकडे बघितलं. ती पांढरी पडली. मला बरं वाटलं.

२९ जून, संध्याकाळी
पुढचं लिहायचं नव्हतं.

पान लावताना सॉफ्टवेअर कुठली फाइल कुठून उचलली ते एका नोंदीत लिहून ठेवतं. नवीने ती नोंद भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर उघडली. सामायिक, मग अ, मग सजावट. ती म्हणाली, हा अ फोल्डर माझा नाही. साहेब म्हणाले, उघड.

उघडली. पहिल्या ओळीत माझं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट.

दुसरी ओळ साहेबांनी मोठ्याने वाचली, ‘कर्त्याचे स्मरण ठेवावे.’ आजोबांना ठसका लागला.

मग नवीने समजावून सांगितलं. साहेबांना, पण हळू आवाजात, मला ऐकू जावं असं. सामायिक फोल्डरात सॉफ्टवेअर कप्पे धुंडाळत बसत नाही, एक यादी बघतं. यादी ताजी केली नाही तर तिथे ठेवलेली फाइल त्याच्या लेखी नसतेच. ती काल ताजी झाली आणि अ तिच्यात सगळ्यात वर आला. म्हणजे काल दुपारपर्यंत माझी फाइल तिथे कुणाला दिसलेलीच नव्हती. मी आठवडाभर सगळ्या ऑफिसात जे बघत होतो ते तिचं होतं. आजोबांचे डोळे तिच्या पानांनी शिणत नव्हते. सहावीचं गणितही तिचं.

ती म्हणाली, चूक माझी आहे साहेब, एका नावाच्या दोन फाइली झाल्यात हे यादी करतानाच बघायला हवं होतं. मला वाचवत होती. याहून वाईट शिक्षा नाही.

साहेबांनी लाल पेन परत मागितलं फक्त.

केबिन नवीला.

३० जून, रविवार
घरी काही सांगितलं नाही. बायकोनेही विचारलं नाही. दुपारी मात्र चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली की तुमच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला होता, काका बरे आहेत का विचारत होती. मग म्हणाली, चांगली आहे हो पोरगी.

मी म्हटलं, सहावीचं गणित तिने लावलंय.

तिने कप माझ्याकडे सरकवला. म्हणाली, प्रस्तावना तर तुमचीच होती ना? पहिल्यांदा मी तीच वाचली.

प्रस्तावनासुद्धा छापताना साहेबांच्या मशीनवरून गेली होती. हे मी तिला सांगितलं नाही.

१ जुलै, सोमवार
नवीने केबिनला पडदा लावला नाही. म्हणाली, असू दे, सगळे दिसतात. मोरपंखी इथे फार छान दिसला असता.

माझी फाइल तिने अ फोल्डरातून काढून माझ्या खासगी फोल्डरात ठेवली. पुसली नाही. म्हणाली, इथे राहू द्या काका, तुमच्या मशीनवर आधी हीच सापडेल आणि दुसऱ्या कुणाला त्रास नाही.

कात्री सापडली. माझ्या ऑफिसच्या बॅगेत होती.

२ जुलै
सगळे जेवायला गेल्यावर खासगी फोल्डरातून फाइल काढून दुसरीकडे ठेवली, सॉफ्टवेअर शोधत नाही तिथे. तात्पुरती. फक्त बघायला. प्रस्तावना लावली.

पान छान आलं. रेघ जाडच आहे. साहेबांचा स्क्रीन चांगला आहे.